डॅप

वाचा-उपचार करणारी मुलगी
इडवलसमोर एकेक चित्र धरते.
किटली. शिडी. मेंढी.
तो सांगतो; उशिरा का होईना, सांगतो.
झटक्यानं त्याच्या ओठांचा डावा कोपरा
खाली ओढलाय, ओल्या पडद्यासारखा.

मग एक बूट. कापडी, रबरी तळाचा.
"डॅप," म्हणतो माझा भाऊ. लगेच. न अडखळता.
ती हलकेच म्हणते, पुन्हा एकदा बघा हं.
"डॅप."
ती कागदावर फुली मारते.

थांब गं पोरी,
त्या फुलीखाली आमचं अख्खं खोरं गाडलं जातंय.

ऑगस्ट संपता संपता चढावरच्या को-ऑपमध्ये
मिसेस प्रॉसर शिडीवर चढायची,
वरच्या फळीवरून खोकी खाली यायची.
काळं कापड, पुढं इलॅस्टिक,
एक नंबर मोठेच घ्यायचे,
चवड्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा.
घरी येईपर्यंत बोळ्यावरची शाई बोटांना.
आई जिभेच्या आत नाव घालायची,
मार्किंगच्या शाईनं, गिचमिड.

हा इडवल कोळशाच्या ढिगावरून घसरत यायचा.
एकदा भिजलेले डॅप्स
आईनं चुलीच्या दारावर वाळत घातले आणि विसरली.
बाबा खाणीतून आले, दारातच थांबले:
"टायर जळतोय की पोरगं?"
ईस्टरपर्यंत पडद्यांना तो वास होता.
चॅपलमध्ये आमच्या पुढच्या बाकावरचे
वळून वळून बघायचे.

आणि हॅवर्ड मास्तरांच्या खणातला तो अकरा नंबरी,
एकटाच, जोडीदार नसलेला.
त्याला ते 'मॉड्रिब' म्हणायचे, म्हणजे मावशी.
"मावशी भेटायला येतेय, वाका."
आम्ही वाकायचो.
मावशीचा तळ नक्षीचा होता, मांडीवर उमटायचा.

कुणी म्हणतं हे नाव कंपनीवरून पडलं,
कुणी म्हणतं चेंडूच्या टप्प्यावरून.
मला वाटतं रिकाम्या व्यायामशाळेत
तीस पोरं पळाली की जे ऐकू येतं ना,
डप् डप् डप्,
तेच.

मी अठराव्या वर्षी लिव्हरपूलला गेले, नर्सिंगला.
पहिल्या रात्री विचारलं, माझे डॅप्स कुणी हलवले?
सहा पोरी हसल्या, एक तर पलंगावरून पडली.
मी 'पम्प्स' म्हणायला शिकले. आठवडाभरात.
मग बेलफास्टच्या फर्गलशी लग्न,
त्याच्या घरी ते 'गटीज'.
सासूबाईंसमोर मी तेही म्हटलं,
जरा जास्तच ठसक्यात.
लेकीचे 'ट्रेनर्स' झाले.
नातू तर चपलांच्या जातीचं नावच घेत नाही,
एका कंपनीचं नाव सांगतो आणि पुढं एक आकडा,
जसा कुठला ग्रह असावा.
दारात बूट बदलावेत तसे मी शब्द बदलले.
कुठला कुठं काढून ठेवला, आता आठवत नाही.

इडवल कुठंच गेला नाही.
खाण बंद झाली, को-ऑपचं कार्पेटचं दुकान झालं,
त्याचंही काहीतरी झालं.
तो त्याच रस्त्यावर, तोच शब्द घालून.

हे सगळं मी त्या पोरीला सांगत बसले.
ती संडरलंडची निघाली. "आजी सँडशूज म्हणायची,"
असं म्हणून कानापर्यंत लाल झाली.
फुली शाईची होती, खोडता येईना.
तिनं शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं: बरोबर, तिकडचं.
मला वाटलं, जिंकलो.

पुढचं चित्र छत्रीचं.
इडवल बराच वेळ बघतो.
मग चेहरा उजळतो अर्धा, जेवढा उजळू शकतो तेवढा.
"डॅप."
कंगवा. "डॅप."
मुलगी माझ्याकडे बघते.
मी मान हलवते. मार, बाई. मार फुली.

परत वॉर्डकडे जाताना
त्यानं माझा दंड धरलाय.
पायात इस्पितळाचे मोजे,
तळाला रबराचे ठिपके, घसरू नये म्हणून.
लांबलचक मार्गिका.
चालताना काही म्हणजे काही आवाज येत नाही.